काचपेटीतला समुद्र

मुंबईत आणि मुंबईच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीने समुद्राच्या पोटातले जग पहिल्यांदा पाहिले ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेल्या त्या वास्तूत शाळेच्या सहलीबरोबर जायचे, अंधाऱ्या दालनातून रांगेने पुढे सरकायचे आणि उजळलेल्या काचेला नाक लावून उभे राहायचे, हा आमच्या बालपणीचा मोठा आनंद होता. घरी ताटात येणारे बांगडे, बोंबील आणि पापलेट आमच्या चांगल्या परिचयाचे होते. परंतु मासा नुसता डोळे भरून पाहण्यासाठीही असू शकतो, हे आम्हांला त्या काचेने शिकविले.

पुढे संसार स्थिरावला, हाताशी चार पैसे आले, तेव्हा त्याच आठवणीपोटी आम्ही घरात खाऱ्या पाण्याची एक काचपेटी आणली. पाणी जमवायला, त्यातील क्षार राखायला महिना-दीड महिना गेला. मग शहरातील एका दुकानातून दोन मासे आणले. रुपेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, पांढरे ठिपके आणि काळ्या रिबिनीसारखे लांब पर. दुकानदाराने नाव सांगितले, ‘बांगाई कार्डिनल’. घरातील लहानथोर सारेच त्या पेटीसमोर बसू लागले. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी त्यातला एक मासा तळाशी आडवा पडलेला दिसला.

आम्ही दुकानात गेलो. आमचे काय चुकले, हे विचारावे असा हेतू होता. दुकानदार सज्जन होता. तो म्हणाला, “साहेब, तुमचं काही चुकलं नाही. समुद्रातले मासे आहेत, थोडे मरायचेच. आम्ही ते धरूनच भाव लावतो. दुसरा घेऊन जा, कमी करून देतो.” हा मासा मुळात कोठून येतो, असे विचारता तो म्हणाला, “बाहेरून. आम्हांला चेन्नईहून पार्सल येतं.” त्यापलीकडे त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची त्याला कधी गरजही पडली नव्हती.

‘ते धरूनच भाव लावतो’ हे त्याचे शब्द आमच्या मनातून जाईनात. आम्ही मोजलेल्या किमतीत एका माशाचा मृत्यू आधीच धरलेला होता आणि ती किंमत आम्ही आनंदाने मोजली होती. मग प्रश्न असा पडला की, त्या किमतीत आणखी काय काय धरलेले होते आणि काय धरलेले नव्हते? या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा माग काढू पाहत आहोत.

प्रथम या व्यापाराचे स्वरूप पाहू. घराघरांत गोड्या पाण्याच्या पेटीत दिसणारे गप्पी, मॉली, एंजल यांसारखे मासे बहुतांशी पैदास केंद्रांतच जन्मलेले असतात. खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील फारच थोड्या जातींची पैदास माणसाला साधली आहे. बाकीचे मासे थेट प्रवाळभित्तींवरून पकडून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या वतीने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात जगभरात दरवर्षी सुमारे २ कोटी ते २ कोटी ४० लाख सागरी शोभिवंत मासे विकले जातात, आणि त्यांत १,४७१ जाती आहेत, असा अंदाज दिला होता. इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स हे यांतले मोठे पुरवठादार देश आणि अमेरिका हा सर्वांत मोठा ग्राहक.

हे मासे पकडतात कसे? फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी एक पद्धत रूढ झाली. सोन्याच्या खाणींत आणि धातूंवर मुलामा देण्याच्या कारखान्यांत वापरले जाणारे सोडियम सायनाइड पाण्यात विरघळवायचे, दाबून पिचकारी उडेल अशा बाटलीत भरायचे आणि प्रवाळाच्या कपारीत लपलेल्या माशाच्या तोंडावर उडवायचे. मासा गुंगतो आणि हाती लागतो. कपारीत खोल शिरला तर लोखंडी पहारीने प्रवाळ फोडून तो बाहेर काढायचा. काही मासे जागीच मरतात. जे शुद्धीवर येतात त्यांतील काहींच्या शरीरात विषाने केलेली हानी राहून जाते आणि ते पुढे, वाटेत अथवा ग्राहकाच्या पेटीत मरतात. प्रवाळाचे सूक्ष्म जीव मात्र जागेवरच विष पीत राहतात. पाणबुड्याही सुरक्षित नसतो. हवा भरण्याच्या साध्या यंत्राला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून खोल पाण्यात तासन्‌तास काम करणाऱ्या या माणसांपैकी काहींना घाईने वर येताना कायमचे पंगुत्व येते, काही प्राणाला मुकतात.

तेथील कायद्याने या प्रकाराला १९७५ सालीच बंदी केली, आणि १९९८ च्या मत्स्यव्यवसाय संहितेने ती पुन्हा बजावली. १९९० च्या दशकात माशांच्या शरीरातील सायनाइड तपासणाऱ्या प्रयोगशाळा उभारल्या गेल्या, कोळ्यांना बारीक जाळ्यांनी मासे धरण्याचे शिक्षणही देण्यात आले. तरीही ही पद्धत समूळ गेली नाही. उलट ती इंडोनेशियापर्यंत पोचली. जाळ्याला कौशल्य लागते, वेळ लागतो. व्यापारी मात्र जाळ्याच्या माशाला आणि विषाच्या माशाला एकच भाव देत होता. मग ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याने अधिक वेळ कशासाठी घालवावा?

इतक्या दूरच्या व्यापाराचा आपल्या धर्मचिंतनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आम्ही ओढूनताणून जोडलेला नाही. १९८८ साली फिलिपाइन्सच्या बिशपांनी आपल्या देशाच्या निसर्गाच्या विध्वंसाविषयी एक पत्र काढले होते. पुढे २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात प्रवाळभित्तींच्या ऱ्हासाविषयी लिहिताना त्याच पत्राचा आधार घेतला, आणि मासेमारीच्या विध्वंसक पद्धतींत सायनाइड व सुरुंग यांचा नाव घेऊन उल्लेख केला. ज्यांच्या धर्मग्रामांत हे कोळी राहतात त्या मेंढपाळांना हा प्रश्न प्रथम दिसला, हे साहजिकच होते. आपण दूर राहतो. आपल्याला दिसते ती फक्त काच.

आता आमच्या माशाकडे वळू. तो सायनाइडने मेला, असे आम्ही म्हणत नाही. बांगाई मासा उथळ पाण्यात थव्याने राहतो आणि साध्या जाळ्याने सहज सापडतो. परंतु त्याची कहाणी या संपूर्ण प्रश्नाचा गाभा उघड करणारी आहे. हा मासा मूळचा इंडोनेशियातील सुलावेसीच्या पूर्वेकडील बांगाई द्वीपसमूहाचा. त्याच्या कुळातील काही मासे तांबडे असल्याने कुळाला ‘कार्डिनल’ हे नाव पडले. हा मात्र रुपेरी. शास्त्रज्ञांनी १९३३ साली त्याची नोंद केली, आणि मग सुमारे साठ वर्षे त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास तो पुन्हा प्रकाशात आला आणि काही वर्षांतच जगभरच्या हौशी लोकांच्या पेट्यांत जाऊन पोचला.

या माशाची वीण आगळी आहे. मादीने घातलेली अंडी नर आपल्या तोंडात घेतो आणि पिले बाहेर पडून सावरेपर्यंत काही आठवडे अन्नाला शिवत नाही. बहुतेक सागरी माशांची पिले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात आणि नव्या भित्तींवर वस्ती करतात. याची पिले मात्र बापाच्या तोंडातून बाहेर पडतात ती तेथेच, लांब काट्यांच्या सागरी साळूंच्या आणि समुद्रफुलांच्या आडोशाला राहतात. एका बेटावरचा थवा पकडून संपला तर दुसऱ्या बेटावरून नवा थवा येण्याची आशा जवळजवळ नसते. त्याला राहण्याजोगी जागा साऱ्या द्वीपसमूहात मिळून सुमारे ३४ चौरस किलोमीटर असल्याचा अंदाज होता. आणि तेथून एकविसाव्या शतकाच्या आरंभी वर्षाला सहा ते नऊ लाख मासे पकडले जात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. २००७ साली त्याची गणना धोक्यातील जातींत झाली. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव २००७ साली आणि पुन्हा २०१६ साली जागतिक परिषदेत मांडण्यात आला. दोन्ही वेळा तो मागे घेण्यात आला. २०१८ साली इंडोनेशियाने वर्षातील ठरावीक महिन्यांत तो पकडण्यास मनाई केली.

हे वाचून मनात पहिला विचार येतो तो असा की, हा व्यापार मुळातून बंदच करावा. या विचारात एक प्रामाणिक तळमळ आहे आणि तिला आम्ही हिणवणार नाही. परंतु तो स्वीकारण्यापूर्वी दुसरी बाजू ऐकून घेणे न्यायाला धरून होईल. वर उल्लेखिलेल्या अहवालातच मालदीवचे उदाहरण आहे. २००० साली तेथून निर्यात झालेल्या एक किलो शोभिवंत माशांचे मूल्य सुमारे ५०० डॉलर होते, तर खाण्यासाठी पकडलेल्या भित्तीवरील एक किलो माशांचे केवळ ६ डॉलर. याचा अर्थ असा की, समुद्रातून अगदी थोडे घेऊन एखादे गरीब गाव जगू शकते, आणि ज्याची भाकरी जिवंत प्रवाळावर अवलंबून आहे तो त्या प्रवाळाचा राखणदारही होऊ शकतो. ही वाट बंद केली तर तो कोळी समुद्र सोडून जाणार नाही. तो दुसरे काहीतरी पकडील. बांगाई बेटांवरच पुढे सागरी साळू आणि समुद्रफुले खाण्यासाठी मोठ्या प्रमाणात काढली जाऊ लागली आणि माशाचा आडोसाच नाहीसा होऊ लागला.

म्हणजे व्यापार हा स्वतः दोष नव्हे. मर्यादा पाळली तर काय होते, हे हवाई बेटांनी दाखविले आहे. तेथील मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोळी, पाणबुडे आणि मासे पकडणारे यांच्यात वर्षानुवर्षे कलह होता. १९९८ साली झालेल्या कायद्यान्वये, १९९९ च्या अखेरीपासून त्या किनाऱ्याचा सुमारे ३५ टक्के भाग शोभिवंत मासे पकडण्यास बंद करण्यात आला. काही वर्षांत त्या राखीव भागांतील पिवळ्या टँग माशांची संख्या वाढल्याचे आढळले, आणि उरलेल्या भागात व्यवसायही चालू राहिला. पुढे २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, पर्यावरणावरील परिणाम तपासल्यावाचून परवाने देता येणार नाहीत, असा निर्णय दिल्यावर तो व्यवसाय ठप्प झाला. ती कथा निराळी. आपल्यापुरता बोध एवढाच की, मर्यादा ठरविता येते आणि ती पाळलीही जाऊ शकते, मात्र त्यासाठी किनाऱ्यावरच्या माणसांना एकत्र बसावे लागते. उलट १९९८ सालीच स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने, योग्य रीतीने पकडलेल्या माशांना प्रमाणपत्र देण्याचा उपक्रम हाती घेतला होता. हेतू उत्तम होता, पण सुमारे दहा वर्षांत तो प्रयत्न ओसरला. वरून चिकटविलेल्या चिठ्ठीने साखळी शुद्ध होत नाही.

तिसरा मार्ग सर्वांना पटणारा वाटतो. मासे समुद्रातून पकडूच नयेत, त्यांची पैदास करावी. विज्ञानाने येथे खरोखर मोठी मजल मारली आहे. विदूषक माशांची पैदास आता अनेक देशांत होते. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ती साधली आहे. पिवळ्या टँगची पिले हवाईत २०१५ साली प्रथमच बंदिस्त पाण्यात मोठी झाली. बांगाई मासा तर पैदाशीला सोपा. थायलंडमधील केंद्रांतून गेल्या दशकात तो मोठ्या संख्येने अमेरिकेच्या बाजारात जाऊ लागला. समुद्रावरचा भार हलका झाला, हे उघड आहे आणि ते चांगलेच आहे.

तरीही येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते तोच खरा नैतिक प्रश्न आहे. थायलंडमधील हौदात पैदा होणारा मासा हा बांगाई बेटांचा वारसा आहे. त्या वारशाची कमाई आता दुसऱ्या देशातील भांडवल असलेल्या माणसाला मिळते. ज्याच्या दारातला तो मासा, त्या कोळ्याला त्यातून काही मिळत नाही. मासे विरळ झाल्याचा दोष मात्र त्याच्या नावावर राहतो. आपण पैदाशीचा मासा विकत घेऊन मन शांत करतो तेव्हा मासा वाचतो. परंतु ज्या माणसाने प्रवाळ राखायचे, त्याचे त्या प्रवाळाशी असलेले नाते तुटते. माशाला वाचवायचे तर माशाजवळच्या माणसाला वगळून ते दीर्घकाळ साधणार नाही.

पैदास आणि कोळ्याची भाकरी यांची सांगड घालता येते, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने शोभिवंत कोळंबीच्या पैदाशीचे काम उभारले आणि बेटावरच्या स्त्रियांना ती पिले वाढविण्याचे शिक्षण दिले. ऐरोलीला महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाने सागरी शोभिवंत माशांचे उबवणी केंद्र सुरू केले, ते किनाऱ्यावरच्या कुटुंबांना विदूषक माशांची पिले वाढविण्याचा जोडधंदा मिळावा म्हणून. हे प्रयत्न अजून लहान आहेत. परंतु त्यांची दिशा बरोबर आहे, कारण त्यांत माशाबरोबर माणसाचाही विचार आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. संख्या सांभाळली, पकडणाऱ्याला योग्य मोबदला दिला, म्हणजे सारे साधले असे नाही. त्या जिवाचाही काही हक्क आहे. काही मासे काचपेटीत जगूच शकत नाहीत. फुलपाखरू माशांच्या काही जाती केवळ जिवंत प्रवाळावर उपजीविका करतात. त्या पेटीत उपाशी मरतात. प्रवाळभित्तीवर सफाई करणारा एक निळसर चिमुकला मासा असतो. मोठमोठे मासे त्याच्यापुढे शांत उभे राहतात आणि तो त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. तो काढून नेला तर त्या भित्तीवरील इतर मासेही कमी होतात, असे प्रयोगांनी दाखविले आहे. आणि आपल्या पेटीतील चार माशांच्या अंगावर त्याचे पोट भरत नाही. असे जीव दुकानात विकायला असतात, कारण ते सुंदर आहेत आणि कोणीतरी ते घेतो. जो जीव आपल्याकडे जगणार नाही हे ठाऊक असूनही आपण घरी आणतो, त्याच्याविषयी प्रेम वाटते असे म्हणण्याचा अधिकार आपण गमावतो.

मग ग्राहकाचे कर्तव्य काय? कायद्याचे उत्तर सोपे आहे. भारतात २००१ सालापासून प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. पेटीच्या शोभेसाठी कोणी प्रवाळाचा तुकडा अथवा समुद्रघोडा देऊ केला तर तो घेणे हा गुन्हा आहे. परंतु सदसद्विवेकबुद्धीचे क्षेत्र कायद्यापेक्षा मोठे असते. या साखळीत पाणबुडा म्हणतो, ‘व्यापारी जाळ्याला जास्त देत नाही’. व्यापारी म्हणतो, ‘निर्यातदार विचारत नाही’. निर्यातदार म्हणतो, ‘दुकानदार विचारत नाही’. आणि दुकानदार म्हणतो, ‘गिऱ्हाईक विचारत नाही’. प्रत्येकाचे म्हणणे खरे आहे. साखळीच्या टोकाशी मात्र एकच माणूस असा आहे, की ज्याला त्या माशाची गरज नाही, केवळ हौस आहे. पाणबुड्याला पोट आहे, दुकानदाराला भाडे आहे. आपल्याला अशी कोणतीच सबब नाही. म्हणूनच विचारण्याचे पहिले ओझे आपल्यावर येते. हा मासा कोठला? पकडलेला की पैदाशीचा? पकडलेला असेल तर कशाने? आणि पैदाशीचा असेल तर कोणी वाढविलेला?

आमच्या घरातला उरलेला मासा पाहून एकदा मनात आले होते की, त्याला वसईच्या नाहीतर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नेऊन सोडून द्यावे, म्हणजे मन मोकळे होईल. पुढे कळले की, सुलावेसीच्या उत्तर टोकाशी लेंबेच्या सामुद्रधुनीत व्यापाऱ्यांच्या हातून सुटलेल्या अशाच माशांची, मूळ जागेपासून शेकडो किलोमीटरवर, वस्ती झाली आहे. परक्या समुद्रात मासा सोडणे म्हणजे आपल्या चुकीचा भार दुसऱ्यावर टाकणेच होय. म्हणून तो आमच्याकडेच आहे. रोज सकाळी त्याला खाऊ घालतो. जगेल तितके दिवस त्याला नीट जगविणे, एवढेच आता आमच्या हाती आहे.

मध्यंतरी त्या दुकानात पुन्हा गेलो आणि वरचे प्रश्न विचारले. दुकानदार प्रथम हसला. इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते, म्हणाला. पण त्याने ते मनावर घेतले असावे. काही महिन्यांनी गेलो तेव्हा विदूषक माशांच्या पिलांकडे बोट दाखवून तो आपण होऊन म्हणाला, “ही पैदाशीची आहेत, मी विचारून घेतलं. पलीकडच्या टाकीतल्यांचं मात्र मला ठाऊक नाही.” आम्ही त्या दिवशी काही विकत घेतले नाही. परंतु ‘मला ठाऊक नाही’ हे त्याने पहिल्यांदाच गिऱ्हाइकासमोर उघडपणे म्हटले होते, आणि त्या पलीकडच्या टाकीसमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो.